फौजदाराचं लोढणं

खरा फौजदार दौंडाहून वाडीत आला असता, तर लोकांनी त्याला चहा पाजला असता, पानसुपारी दिली असती आणि गोड बोलून वाटेला लावला असता. आक्काबाईच्या फौजदाराला चहा चालत नव्हता. त्याला पोटरी लागायची, आणि तीही नव्या माणसाची.

कुत्रं कसलं, वासरूच म्हणा. तांबडं-काळं अंग, एक कान फाटलेला, आणि बघणं असं की समोरच्याला आपलं काय चुकलं ते आठवायला लागावं. म्हाळूनं, म्हणजे आक्काबाईच्या एकुलत्या एका लेकानं, ते पिल्लू मेंढक्यांच्या तळावरून सदऱ्यात घालून आणलं होतं. नावही त्यानंच ठेवलेलं. रोज सांजेला तो ओढ्याकाठच्या लिंबाखाली उभा राहायचा, दोन बोटं तोंडात घालायचा आणि शीळ मारायचा. एक लांबलचक, शेवटाला झटक्यात तोडलेली. की फौजदार असेल तिथून, असेल ते टाकून पळत सुटायचा.

पण म्हाळू आता वाडीत नव्हता. सगळा घोळ तिथंच होता.

घोळ आक्काबाईच्या घरातला, आणि जीव टांगणीला लागला होता शेजारच्या विठाबाईचा. विठाबाईचं घर बोळाच्या टोकाला. मागं ओढा आणि काट्याचं कुंपण, पुढं आक्काबाईचं अंगण. म्हणजे विठाबाईकडं यायचं तर फौजदाराच्या तोंडापुढूनच यायचं, दुसरी वाट नाही. विठाबाई स्वतः जाताना काठी घ्यायची, वर पदरात भाकरीचा तुकडा ठेवायची. आल्या-गेल्यानं बोळाच्या तोंडाशी उभं राहून हाळी द्यायची, असा वाडीचा रिवाजच पडला होता.

जावयाला तो रिवाज कुणी सांगितला नव्हता. लेकीचं लग्न होऊन पहिली दिवाळी. तळेगाव ढमढेऱ्याचा जावई, चांगदेव त्याचं नाव, टेरिकॉटची नवीकोरी पँट घालून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन बोळात शिरला. विठाबाई ओवाळणीचं ताट घेऊन दारात येते न् येते तोच बोंब उठली. पँट फाटली, पोटरी फाटली, पेढे फौजदारानं खाल्ले. जावयाला दौंडाच्या दवाखान्यात पोटात सुया घेण्यासाठी रोज हेलपाटे घालावे लागले. सणाचं सगळं गोडधोड घरात तसंच राहिलं. विठाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेही निभावलं असतं. पण पुढच्या वर्षी जाईला दिवस गेले.

जाई म्हणजे विठाबाईचं सगळं काही. नवरा गेला तेव्हा ती पाळण्यात होती. त्यानंतर या बाईनं दुसऱ्याच्या रानात खुरपून, दुष्काळात खडी फोडून ही एक पोर वाढवली. लग्न करून दिली तेव्हा मनाला एकच समजूत घातली होती, की पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. येतेच. तीन-चार महिने राहते. त्या तीन-चार महिन्यांवर ती दोन वर्षं जगत होती. डिंक आणला होता, हळीव आणले होते, सुंठ कुटून बरणीत भरली होती. आपली मऊ झालेली जुनी लुगडी फाडून बाळाची दुपटी शिवली होती. बाजसुद्धा नव्या काथ्यानं विणून घेतली होती, आणि स्वतः मात्र खाली घोंगडीवर झोपत होती. बाजेवर पहिली जाई झोपायची म्हणून.

सातव्या महिन्यात ओटी घेऊन ती तळेगावला गेली आणि लेकीला न्यायचं बोलणं काढलं.

"विहीणबाई, राग धरू नका हां," धुरपदाबाई, जाईची सासू, म्हणाली. राग यावा असं बोलायचं असलं की माणसं आधी हेच म्हणतात. "माझा लेक तालमीतला गडी, त्याची त्या कुत्र्यानं ती गत केली. पोटुशी पोर त्या बोळातनं कशी जायची? दचकली, पडली, म्हंजी? तुमच्या शेजारी ते जनावर मोकळं हाय तवर सुनबाई येणार न्हाई. बाळातपण हितंच करू."

बाईचं खोटं कुठं होतं?

जाई तिला एस्टीपर्यंत पोचवायला आली. गाडीचा धुरळा दिसला तसा तिनं आईचा हात धरला. "आये, मला तुझ्याकडंच यायचंय गं. मला हितं लई भ्या वाटतं." आणि गाडी आली. विठाबाई न्हावऱ्यापर्यंत पदर तोंडाला लावून रडली. तिथं शेजारी ओळखीची बाई येऊन बसली, मग डोळ्यांत धूळ गेली म्हणाली.

घरी आली ती तडक आक्काबाईच्या अंगणात. काठी आपटतच.

"आक्का, लई झालं. कुत्रं बांधा. माझ्या लेकीचं माहेर बंद पाडलंय त्यानं."

आक्काबाई चुलीपुढं बसली होती. थोराड बाई, केस पांढरे, आवाज अजून खणखणीत. तिनं बसायला पाट दिला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इठे, तुला ठाऊक हाय. मला बांधता येत न्हाई."

ठाऊक होतं. सगळ्या वाडीला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात म्हाळू पाटसाकडं रस्त्याच्या कामावर होता. घरात वैरणीची काडी नव्हती, बैल डोळ्यांदेखत खंगत होते. आक्काबाईनं त्याला न विचारता जोडीला बाजार दाखवला. म्हाळू आला, त्यानं मोकळी दावण बघितली. बोलला काहीच नाही. जेवला, हात धुतला, फौजदाराच्या पाठीवरून हात फिरवला आणि दौंडाच्या वाटेला लागला. रेल्वेत बसला, एवढंच कळलं. फौजदार त्या दिवशी साखळीला होता. आक्काबाईनंच बांधला होता सकाळी. तो साखळीला हिसके देऊन देऊन, गळा रक्तबंबाळ होईतोवर ओरडत राहिला, आणि आक्काबाई त्याच्यावरच खेकसत राहिली. लेक कायमचा चाललाय हे कुत्र्याला कळलं, आईला कळलं नाही.

मग ती जेजुरीला गेली आणि भंडारा उचलून बोलली, "देवा, म्हाळू परत येईस्तवर या कुत्र्याला खुंट्याला बांधणार न्हाई. त्या दिशी मोकळं असतं तर मागं गेलं असतं, माघारी घेऊन आलं असतं."

"नवस कशाचा केलात, आक्का? माझ्या जिवाचा केलात!" विठाबाई तडकली.

"आता व्हऊन गेलं ते. देवापुढं बोललेलं माघारी कसं घेऊ? आन् माझा पोरगा आला आन् कुत्रं बांधलेलं दिसलं, तर त्यो काय म्हणंल?"

दिवस बुडत आला होता. ओढ्यापलीकडून मेंढरांचा गलका येत होता. आक्काबाईनं मान उचलली. "इठे, शीळ वाजली का गं?"

हे रोजचंच होतं. रोज दिवेलागणीला ती विचारायची आणि रोज विठाबाई सांगायची. आज रागात होती, तरी तेच म्हणाली. "न्हाई ओ. मेंढक्या असंल."

"मेंढक्या असंल," आक्काबाई म्हणाली आणि चुलीत फुंकू लागली.

दुसऱ्या दिवशी शंकररावांनी, पंचायतीच्या मेंबरांनी, विठाबाईला रस्त्यात गाठलं. यांना लोकांच्या अडचणीचा वास लांबून यायचा. खिशातून एक पुडी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. "भाकरीत गूळ घाला आन् ही घाला. सकाळच्याला कुत्रं ओढ्यात. बोंब न्हाई, भांडण न्हाई."

विठाबाईनं पुडी घेतली. खोटं कशाला सांगा, घेतली. भाकरीही थापली. गूळ फोडला. आणि परातीपुढं बसून राहिली. जाई झाली त्या वेळेची आठवण आली. सुईण दुसऱ्या गावाला गेलेली, नवरा तापानं फणफणलेला. आक्काबाई लुगडं खोचून आली आणि रात्रभर हलली नाही. जाई या जगात आली ती आक्काबाईच्या हातात. नाळ तिनं कापली. पुढं नवरा गेला तेव्हा दोन महिने घरात ताक-कण्या आल्या त्या आक्काबाईच्याच घरच्या. त्या घरात आता माणूस म्हणाल तर ते कुत्रं तेवढं उरलंय, आणि मी त्याला गूळ घालू? विठाबाईनं मागल्या दाराला खड्डा खणला, पुडी पुरली आणि वर दगड ठेवला.

अक्कल सुचली तीही शंकररावांच्याच दारात. त्यांची एक गाय ओढाळ होती. सुटली की लोकांच्या हरभऱ्यात. म्हणून तिच्या गळ्यात त्यांनी लोढणं अडकवलं होतं. लोढणं म्हणजे लाकडाचा ओंडका, दोरीनं गळ्यात असा लोंबता सोडायचा की चालताना पुढच्या पायांवर आपटावा. गाय हिंडते, चरते, पाणी पिते. फक्त पळता येत नाही. विठाबाई त्या गाईकडं बघत उभी राहिली, आणि एकदम अशी हसली की शंकररावांच्या बायकोला वाटलं, पोरीच्या काळजीनं बाईचं डोकं फिरलं.

सुताराकडून तिनं बाभळीचा ओंडका तासून घेतला. तो आक्काबाईपुढं ठेवला.

"खुंटा न्हाई, साखळी न्हाई. कुत्रं मोकळंच ऱ्हातंय. जाईल तिकडं जाऊ द्या, निस्तं पळून अंगावर नको. देवाला बोललेलं मोडत न्हाई, आक्का. आन् जाईच्या बाळातपणाला तुमच्याशिवाय कोण हाय मला हात द्यायला?"

आक्काबाईनं ओंडका हातात घेतला, तोलून बघितला. "मोकळंच हाय म्हण की," ती शेवटी म्हणाली, पण स्वतःलाच समजावल्यासारखी. "जाईसाठी. दुसऱ्या कुणासाठी केलं नसतं."

दोरीवर तिनं आपल्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, गळ्याला काचू नये म्हणून. बांधायला तीच गेली. फौजदाराच्या गळ्याला हात लावू शकतील अशी माणसं जगात दोनच होती, ती आणि म्हाळू. फौजदारानं मान पुढं केली. चार पावलं चालला, ओंडका पायांवर आपटला, तसा थांबला आणि आक्काबाईकडं बघायला लागला. ती आत निघून गेली.

जावई आधी एकटा पाहणी करून गेला. बोळाच्या तोंडाशी उभा राहून त्यानं खडा मारला. फौजदार भुंकत उठला, धावला आणि तीन पावलांत तोंडावर पडला. जावयाला हसू आवरेना. विठाबाईला मात्र हसू आलं नाही, का कोण जाणे.

आठ दिवसांत जाई आली. हे पोट पुढं, हातात पिशवी, तोंडावर उन्हानं आलेली लाली. आता त्या दिवसांचं काय सांगायचं! विठाबाईचे पाय जमिनीला लागत नव्हते. पहाटे उठून पोरीच्या डोक्याला तेल, दुपारी तिला आवडते म्हणून शेंगोळी, सांजेला दोघी दारात बसून तळेगावच्या गोष्टी. रात्री बाजेवर जाईचा श्वास ऐकू यायचा. विठाबाई खाली घोंगडीवर मुद्दाम जागी राहायची. झोपलं की तेवढी रात्र फुकट जाते, असं तिला वाटायचं. बोळातून ठक, ठक, ठक असा आवाज फिरत असायचा. फौजदार लोढणं घेऊन हिंडत असायचा. त्याच्या गळ्याचे केस झडले होते, कातडी लाल दिसत होती. आक्काबाई रोज तिथं खोबरेल लावायची आणि विठाबाईच्या नजरेला नजर द्यायची नाही.

जाई सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. आक्काबाईच्याच हातात.

पाचवीचा दिवस उजाडला. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पाटा-वरवंटा पुजायचा, दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला एकटं ठेवायचं नाही. सांजवेळी आक्काबाई पाट्यापुढं बसली, बाळ मांडीवर घेऊन. शेगडीत ओव्याची धुरी केलेली. विठाबाई पाण्याचा तांब्या भरायला मागल्या दाराशी आली. आणि तिनं ऐकलं.

लांबलचक. आणि शेवटाला झटक्यात तोडलेली.

बोळात फौजदार उठला. भुंकला नाही. कुंपणाच्या खिंडारातून ओढ्याकडं निघाला. दोन पावलं धावला, ओंडका पायांत आला, कोलमडला. उठला, पुन्हा धावला, पुन्हा पडला. मग मान वाकडी करून, लोढणं बाजूला ओढत, फरफटत चालत राहिला. विठाबाई तांब्या खाली ठेवून कुंपणाकडं वळली. पण ओढ्यापलीकडं मेंढरांचा तळ होता. मेंढकी पोरं शिळा घालायचीच. शीळ पुन्हा वाजली नाही. आणि खरं सांगायचं तर एक मन असंही म्हणालं, की जातंय तर जाऊ दे ते जनावर तिकडं. उद्या विहीणबाई बाळाला बघायला येणार आहेत.

ती आत आली. आक्काबाईनं मान उचलली.

"इठे, शीळ वाजली का गं?"

जाई डोळे मिटून पडली होती. दिवा नीट जळत होता. बाळानं आक्काबाईचं बोट घट्ट धरलं होतं.

"मेंढक्या असंल," विठाबाई म्हणाली.

"मेंढक्या असंल," आक्काबाई म्हणाली.

सकाळी बोळात ठकठक नव्हती. आक्काबाई हाका मारत ओढ्याकडं गेली, मागोमाग विठाबाई. लिंबाखाली लोढणं होतं. दोरी कापलेली नव्हती, तुटलेली नव्हती. आक्काबाईची गाठ कुणीतरी हातानं सोडली होती, आणि दोरीची नीट गुंडाळी करून ओंडक्यावर ठेवली होती. म्हाळू बैल सोडल्यावर कासरा अशीच गुंडाळी करून ठेवायचा. बुंध्याशी विड्यांची थोटकं पडली होती. बरीच. माणूस खूप वेळ बसला असावा. लिंबाखालून आक्काबाईचं दार सरळ समोर दिसत होतं.

चिंधीवर रक्ताचा डाग होता. आक्काबाईनं ती उचलली.

"त्याचा गळा बघितला आसंल त्यानं," ती म्हणाली. "बैल इकलं, आन् कुत्र्याची ही दशा केली म्हातारीनं. आसंच म्हणला आसंल."

विठाबाईच्यानं राहवेना. तिनं आक्काबाईचे पाय धरले. "आक्का, मी शीळ ऐकली हो. मला कळली व्हती. मी मेंढक्या म्हणाले. माझ्या तोंडाला आग लागो, आक्का. मला मारा."

आक्काबाईनं तिला उठवलं. तिचे डोळे कोरडे होते. ते विठाबाईला फार लागलं.

"मलाबी ऐकू आली की गं."

"मग उठलात का न्हाई?"

"मला रोजच ऐकू येती, इठे. रोज उठून बघायचे पयल्यांदा. मग तुला इचारायला लागले. काल कशी खरी निघंल, म्हणून उठू?" ती दौंडाच्या वाटेकडं बघत राहिली. तिकडं कुठं तरी इंजिन ओरडत होतं. "एक बरं झालं. गेला, पर एकटा न्हाई गेला. घरचं कुणीतरी हाय त्याच्यासंगं."

त्याच दिवशी विहीणबाई आल्या. बोळातून ताठ मानेनं चालत आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, ब्याद गेली." विठाबाईनं त्यांना चहा दिला.

जाई राहिली तेवढे दिवस राहिली. बाळ मान धरायला लागलं, हसायला लागलं. मग एक दिवस चांगदेव आला, लेक आणि नात एस्टीत बसली आणि विठाबाई मोकळ्या हातानं परत आली. बोळात कुणी अडवलं नाही. आता कुणीही यावं, कधीही यावं, वाट अगदी मोकळी होती. यायला मात्र कुणी नव्हतं. बाजेवर एक दुपटं राहून गेलं होतं. तिनं ते नाकाशी धरलं, आणि घरात बसवेना म्हणून तसंच हातात घेऊन आक्काबाईच्या अंगणात जाऊन बसली.

दिवस बुडत होता. फौजदार गेल्यापासून आक्काबाईनं एकदाही विचारलं नव्हतं. आजही ती चुलीत काटक्या सारत होती. ओढ्यापलीकडं मेंढरं कालवा करत होती. विठाबाई दुपटं घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. एकदम तिचे हात थांबले.

"आक्का," ती म्हणाली, "शीळ वाजली का हो?"

आक्काबाईनं तिच्याकडं बघितलं. मग ओढ्याकडं बघितलं.

"मेंढक्या असंल," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकवलेली काठी घेऊन उठली. "चल, बघून तरी येऊ."